पाच सेंटिमीटरचा बांध

बास्केटबॉलच्या मैदानाची हद्द पाच सेंटिमीटर रुंद रेषेने आखतात आणि ती रेषा मैदानात धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमपुस्तकाप्रमाणे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते आणि हे माप रेषेच्या आतल्या कडेपासून घ्यायचे असते. क्षेत्र भरते ४२० चौरस मीटर. सातारा-सांगलीच्या हिशेबात सांगायचे तर चार गुंठ्यांना थोडे वर. चारही बाजूंच्या रेषेचे मिळून क्षेत्र साधारण ४.३ चौरस मीटर, म्हणजे ४६ चौरस फूट होते. एवढ्या जागेत फार तर एक म्हैस बांधता येईल. पण सामन्यातली बरीचशी हुज्जत या ४६ चौरस फुटांवरूनच होते.

या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. बांध कोरणे हे इथे हंगामी काम आहे. नांगरट करताना ट्रॅक्टर वळवायला जागा पुरत नाही म्हणून फाळ दरवर्षी चार बोटे बांधात शिरतो आणि दोन माणसे बोलत बोलत जातील एवढा बांध दहा-पंधरा वर्षांत एकट्याने तोल सांभाळत जाण्याजोगा उरतो. शेतातला बांध निम्मा या शेताचा आणि निम्मा त्या शेताचा मानतात, म्हणूनच तो दोन्हीकडून कोरला जातो. बास्केटबॉलच्या नियमकर्त्यांनी ही अडचण ओळखल्यासारखे रेषा दोघांपैकी कुणाच्याच नावावर चढवली नाही. ती पूर्णपणे बाहेरची. तिला बुटाचे टोक लागले तरी खेळाडू बाहेर, चेंडूची कड लागली तरी चेंडू बाहेर. व्हॉलीबॉलमध्ये उलटे आहे. तिथे रेषेवर पडलेला चेंडू आत असतो. कबड्डीतही रेषा आतच धरतात. एकाच शाळेच्या तिन्ही संघांत असलेल्या मुलाला त्यामुळे दिवसातून पुन्हा पुन्हा आपली मते बदलावी लागतात, आणि एखाद्या दिवशी तो व्हॉलीबॉलची मते घेऊन बास्केटबॉलच्या मैदानावर येतो. वादाचा उगम पुष्कळदा एवढाच असतो.

कोण कुठे उभा आहे हे ठरवण्याचे नियम तपशीलवार आहेत. खेळाडूचा कोणताही भाग रेषेला, रेषेबाहेरच्या जमिनीला किंवा तिथल्या वस्तूला लागला की तो बाहेर गेला. नुसते वाकून रेषेबाहेर हात नेल्याने कुणी बाहेर जात नाही. हवेत उडालेला खेळाडू ज्या जागेवरून उडाला तिथला मानतात. तो पुन्हा जमिनीला लागेपर्यंत त्याचा पत्ता बदलत नाही. हा नियम या भागात समजावून सांगावा लागत नाही. मुंबईत माथाडीचे काम करून तीस वर्षे घणसोलीत किंवा कोपरखैरण्यात काढलेला माणूस गाव कोणते विचारल्यावर पाटण किंवा जावळी सांगतो. तो अजून हवेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच रेषेबाहेर झेपावलेला खेळाडू जमिनीला टेकण्याआधी चेंडू हवेतून मागे फेकू शकतो आणि चेंडू चालूच राहतो. फेकणारा स्वतः पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांत जाऊन पडतो, पण तो त्याचा खासगी प्रश्न.

चेंडू रेषेबाहेरच्या जमिनीला, माणसाला किंवा वस्तूला लागला की बाहेर. बोर्डच्या मागच्या बाजूला किंवा तो पेलणाऱ्या खांबाला लागला तरी बाहेर. मैदानाच्या वर जे काही असेल त्याला लागला तरीही बाहेर. हे कलम युरोपातल्या बंदिस्त सभागृहांचे छत आणि दिवे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले दिसते. शाळेच्या उघड्या मैदानावर ते गुलमोहराच्या फांदीला लागू होते. फांदी रेषेच्या आत आली म्हणून ती मैदानातली होत नाही. चेंडू फांदीला अडकून तिथेच राहिला तर तो बाहेर गेला याविषयी दोन्ही संघांचे एकमत असते. मतभेद काढायला कुणी चढायचे यावर होतात.

पंचांविषयीचे कलम मात्र खास आहे. चेंडू पंचाला लागला तर पंच जिथे उभा आहे तिथल्या जमिनीला लागला असे मानायचे. पंच मैदानात उभा असेल तर खेळ चालू, रेषेवर उभा असेल तर चेंडू बाहेर. म्हणजे नियमांच्या दृष्टीने पंच ही जमीन आहे. जमिनीच्या वाट्याला जे जे येते ते पुढच्या काही मिनिटांत पंचाच्या वाट्याला का येते, याचा उलगडा यातून होतो.

चेंडू बाहेर गेला हे ठरले तरी निम्मेच काम झाले. तो कुणामुळे गेला, हा खरा प्रश्न. खेळाच्या पहिल्या नियमांत हा प्रश्नच नव्हता. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला आणि त्याचे १३ नियम केले. त्यातला नववा नियम असा की, चेंडू बाहेर गेला तर जो कुणी बाहेर जाऊन त्याला पहिला हात लावेल त्याने तो आत टाकावा, त्यासाठी त्याला पाच सेकंद मिळतील, आणि वाद झाला तर पंचाने चेंडू सरळ मैदानात फेकून द्यावा. वाद होणार हे नेस्मिथने पहिल्याच दिवशी गृहीत धरले होते. तो तालुक्याच्या ठिकाणी राहिलेला नव्हता, तरीही.

या नियमाचा परिणाम म्हणजे चेंडू बाहेर जाताच दहा-बारा-अठरा माणसे, त्या काळी एका बाजूला जितकी असतील तितकी, त्याच्यामागे भिंती, जिने आणि सज्जे यांच्या दिशेने धावत सुटत. पहिला हात लावण्याच्या शर्यतीत खरा खेळ मैदानाबाहेरच होऊ लागला. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून मैदानाभोवती तारेची जाळी उभारली, म्हणजे चेंडू बाहेर जाणेच बंद. खेळाडूंना त्यावरून पिंजऱ्यातले म्हणण्याची प्रथा अमेरिकी वृत्तपत्रांत जाळ्या गेल्यानंतरही बरीच वर्षे टिकून होती. तारेचे कुंपण हा हद्दीच्या वादावरचा उपाय इकडेही लोकप्रिय आहे. मात्र इकडे कुंपण पडते त्या दिवशी वाद संपत नाही, नव्याने सुरू होतो, कारण खांब कुणाच्या बाजूला पुरले हे पाहायला अख्खी भावकी येते.

लाल मातीच्या कुस्तीने वेगळी वाट काढली. जत्रेच्या फडात रेषा नसतेच. जोड लढत लढत कडेच्या माणसांत घुसली की पंच दोघांना धरून आखाड्याच्या मध्यावर आणतात आणि पुन्हा लावून देतात. कुणी कुणाला ढकलले, आधी कुणाचा पाय गेला, याची चौकशी होत नाही. कुंडलच्या मैदानासारख्या ठिकाणी हजारो माणसे कडेला दाटून बसलेली असताना हद्द म्हणजे पहिल्या रांगेचे गुडघे, आणि ते दर कुस्तीला हातभर पुढे सरकतात. मॅटवरच्या कुस्तीत मात्र कडेच्या पट्ट्याबाहेर एक पाय पडला की प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. मोजता येणारी रेषा आली, तिच्याबरोबर मोजणारा आला आणि मोजणाऱ्याबरोबर हरकत घेणाराही.

बास्केटबॉलने पुढे जो तोडगा काढला तो आजही चालतो: चेंडू बाहेर जाण्यापूर्वी ज्याला शेवटचा लागला, त्याने तो बाहेर घालवला, थ्रो-इन, म्हणजे चेंडू बाहेरून आत टाकण्याचा हक्क, प्रतिस्पर्ध्याचा. यात लावणारा आणि लागणारा असा फरक केलेला नाही. खेळाडूने चेंडूला हात लावला काय किंवा चेंडू येऊन त्याच्या पाठीला लागला काय, जबाबदारी त्याचीच. हेतू विचारात घेतला जात नाही. त्यामुळे कोपऱ्यात सापडलेला हुशार खेळाडू चेंडू सरळ समोरच्याच्या मांडीवर आपटून बाहेर घालवतो आणि मग स्वतःच तो आत टाकायला उभा राहतो. हे पूर्ण नियमात बसते. मांडीवर चेंडू बसलेल्याला ही गोष्ट तेव्हा पटत नाही. कृष्णेला पूर आला की पाणी शेवटी कोयनेच्या हाताला लागून आले की अलमट्टीने मागे रेटले, याचीही चर्चा सांगलीत वर्षानुवर्षे चालते; तिथे निदान दोन राज्ये आणि धरणांची दोन खाती आहेत. चेंडूच्या बाबतीत निकालाला साधारण एक सेकंद मिळतो.

अडचण बोटांच्या टोकाशी आहे. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या हातातून बचाव करणारा तो थापटून काढतो तेव्हा सगळ्या मैदानाला ती थाप दिसते आणि ऐकूही येते. पण चेंडू हातातून सुटताना बहुतेक वेळा शेवटचा स्पर्श धरणाऱ्याच्याच बोटांचा असतो. मंद गतीच्या चित्रणात हे उघड दिसते. उघड्या डोळ्यांना दिसते ती थाप, म्हणून पंच थापेवर निकाल देतात आणि शंभरातले नव्याण्णव लोक तो मान्य करतात. सत्य तेवढे एखाद्या अर्ध्या केसाच्या अंतरावरून निसटते. नेमका शंभरावा माणूस बेंचवर प्रशिक्षक म्हणून बसलेला असतो.

हे सगळे पाहायला मैदानावर दोन किंवा तीन पंच असतात. शाळा आणि जिल्हा पातळीवर बहुधा दोनच. त्यांचे काम रेषांनी वाटलेले असते: एकजण बास्केटच्या बाजूला पुढे राहून एंडलाइन आणि एक साइडलाइन सांभाळतो, दुसरा मागून दुसरी साइडलाइन आणि मधली रेषा पाहतो. खेळ उलट फिरला की दोघांच्या भूमिका बदलतात. आपली रेषा, आपली शिट्टी. दुसऱ्याने आपल्या कक्षेत दिलेला निर्णय बाजूला सारण्याचा अधिकार कुणालाच नाही, मुख्य पंचालाही नाही. दोन तलाठ्यांनी एकमेकांच्या सज्जात लुडबुड करायची नसते, तसेच हे. मात्र ज्याची रेषा आहे त्याला दिसले नसेल, तर तो दुसऱ्याकडे पाहतो. अर्ध्या सेकंदाच्या या नजरेत ‘तुम्हाला दिसलं का?’ हा प्रश्न आणि ‘दिसलं असेल तर तुम्हीच द्या’ ही विनंती दोन्ही असतात. सहकाऱ्याला स्पष्ट दिसले असेल तर तो दिशा दाखवतो. त्यालाही दिसले नसेल तर तो तितक्याच आदराने नजर परत पाठवतो.

खुणांचा क्रम ठरलेला आहे. शिट्टी वाजवून उघडा तळहात वर, म्हणजे घड्याळ थांबवा. मग बोटाने खेळाची दिशा, साइडलाइनला समांतर. बरोबर तोंडाने जर्सीचा रंग सांगायची पद्धत आहे: ‘व्हाइट!’ किंवा ‘ब्लू!’ दिशेच्या खुणेत एक सापळा आहे. मध्यंतरानंतर संघ बास्केट बदलतात आणि पहिल्या अर्ध्या तासात हाताला लागलेली सवय तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला उलटी निघते. पंच तोंडाने ‘ब्लू’ म्हणतात आणि हात पांढऱ्यांच्या दिशेला जातो. दोन्ही संघ आपापल्या सोयीचा अर्धा निर्णय उचलतात आणि चेंडूकडे धावतात. शालेय स्पर्धेत तर कधी दोन्ही संघ निळ्याच जर्सीत आलेले असतात. अशा वेळी एका संघाला बिब घालायला देतात आणि पंचांच्या तोंडी रंगांच्या जागी शाळांची नावे येतात. नावे लांब असतात. ‘श्री छत्रपती’पर्यंत पोचेतो खेळ सुरू झालेला असतो.

वादातले पक्षकार अनेक आणि त्यांची पद्धत पक्की आहे. चेंडू बाहेर जाताच जवळचे सगळे खेळाडू एकाच वेळी आपापल्या दिशेला बोट करतात. ही खूण शिट्टीच्याही आधी होते, इतकी की ती स्पर्शाच्याही आधी होत असावी असा संशय येतो. ज्याच्या हाताला खरोखर लागला तो बोट करत नाही. तो दोन्ही तळहात आभाळाकडे करून पंचांकडे पाहतो आणि चेहऱ्यावर आषाढी वारीतला भाव आणतो. अनुभवी पंच चेंडूकडे कमी आणि या चेहऱ्याकडे जास्त पाहतात. नियमपुस्तकात याचा उल्लेख नाही.

प्रशिक्षकाचा युक्तिवाद वेगळ्या वळणाचा असतो. ‘सर, त्याच्या हाताला लागून गेला की वो!’ हे पहिले वाक्य. दुसरे ‘बगा की जरा!’ तिसरे ‘मगाशी पण तसंच दिलं.’ या तिसऱ्या वाक्याबरोबर वाद चालू चेंडूवरून उठून मागच्या सगळ्या चेंडूंवर जातो आणि मग गेल्या वर्षीच्या विभागीय स्पर्धेवर. शालेय क्रीडा स्पर्धांच्या रचनेत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात येतात, त्यामुळे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत त्यांची गाठ विभागाला पडते आणि मागच्या वर्षीचे संदर्भ हाताशी तयार असतात. प्रेक्षक दोन्ही रेषांच्या बाजूने बसलेले असतात, त्यामुळे कुणालाच ती रेषा सरळ दिसत नाही, पण सगळ्यांना निकाल स्पष्ट दिसतो. सातारकर तो पेढा खाता खाता सांगतात, सांगलीकर भडंग चावत. भडंग खाताना बोललेले लांबवर नीट ऐकू जात नाही, ही पंचांची त्यातल्या त्यात सोय.

पंचांचा दोन्हीपैकी कोणत्याही संघाशी कोणताही संबंध नसावा, असे नियम सांगतो. जिल्हा पातळीवर पंच हे बहुधा दुसऱ्या शाळांचे क्रीडाशिक्षक असतात. कराडच्या सरांची सासुरवाडी इस्लामपूरला आणि इस्लामपूरच्या सरांचे मेहुणे कोरेगावला, अशी या भागाची वीण असल्याने संबंध नसलेला माणूस शोधायचा तर विदर्भातून आणावा लागेल. पाहुणे निघतातच. संबंध कळल्यावर ज्याच्या बाजूचा तो पाहुणा असतो त्यालाच जास्त त्रास होतो, कारण शंका नको म्हणून सर पहिले चार चेंडू त्याच्या विरुद्ध देतात. रात्री जेवायला कुठे बसायचे हा प्रश्न मग दोन्हीकडून कठीण होतो.

पंचांना खात्री नसेल किंवा दोघांचे एकमत होत नसेल तर काय करायचे, हे नियमाने सोडवून ठेवले आहे. एकाने उजवीकडे आणि दुसऱ्याने डावीकडे हात दाखवला तर मोठ्याचा निर्णय चालत नाही. दोघे पळत जवळ येतात, शिट्ट्या तोंडातून काढतात, दोन वाक्ये बोलतात. खेळाडूंनी या बैठकीला यायचे नसते. ते येतात, आणि हाताने मागे ढकलले जातात. सहमती झाली तर एकजण नवी दिशा दाखवतो. नाही झाली तर मुठी वळून दोन्ही अंगठे वर करतात. ही जंप बॉलची जगभर मान्य असलेली खूण आहे. मराठी प्रेक्षकाला मात्र ती वेगळी दिसते. अंगठा दाखवणे म्हणजे काय हे इथे सर्वांना ठाऊक आहे. दोन अंगठे म्हणजे दोन्ही संघांना प्रत्येकी एक.

पूर्वी अशा वेळी दोन खेळाडूंना समोरासमोर उभे करून मध्ये चेंडू उडवत. अमेरिकेच्या एनबीए या लीगमध्ये अजूनही उडवतात. फिबाच्या नियमांत आता फक्त सामन्याच्या सुरुवातीला चेंडू उडतो आणि नंतर स्कोअररच्या टेबलावर ठेवलेला बाण निकाल देतो. ज्या संघाला सुरुवातीच्या उडीत चेंडूचा ताबा मिळाला नाही त्याच्या बाजूने बाण लागतो. पुढचा अनिर्णित चेंडू त्याचा. थ्रो-इन पूर्ण होताच बाण उलटा फिरवायचा, म्हणजे त्यापुढचा दुसऱ्याचा. मध्यंतरानंतर बास्केट बदलतात तेव्हा बाणही फिरवायचा असतो. तो फिरवायला विसरलेला विद्यार्थी-स्वयंसेवक हे अनेक सामन्यांतले खरे निर्णायक पात्र.

बाण सत्य शोधत नाही. चेंडू कुणाच्या हाताला लागला याच्याशी त्याला काही देणे-घेणे नसते; मागच्या वेळी तुला मिळाला, या वेळी याला, एवढेच तो जाणतो. महाराष्ट्राच्या महसूल खात्याला हा विचार जानेवारी २०२३ मध्ये सुचला. सलोखा योजनेत एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याच्या नावची पहिल्याच्या ताब्यात अशी स्थिती निदान बारा वर्षे असेल, तर कुणाचे मूळ बरोबर हे न उकरता दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा आणि त्यावर मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये एवढेच घ्यावे, अशी तरतूद आहे. ताबा हा शब्द दोन्हीकडे एकच. बास्केटबॉलमध्ये तो बारा सेकंदही एकाकडे राहिला तर पुष्कळ, कारण चोवीस सेकंदांत बास्केटवर चेंडू टाकावाच लागतो. वहिवाट लागण्याचा प्रश्न येत नाही.

मोठ्या स्पर्धांमध्ये आता चित्रण पाहून खात्री करता येते. फिबाच्या नियमांत चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणामुळे बाहेर गेला हे पंच पडद्यावर पाहू शकतात. शिवाय मुख्य प्रशिक्षकाला सामन्यात एकदा आव्हान देता येते. त्यासाठी तो दोन तर्जनींनी हवेत चौकोन काढतो आणि ‘चॅलेंज’ म्हणतो. एनबीएने प्रशिक्षकांना हा हक्क २०१९-२० च्या हंगामात दिला आणि २०१४ पासून तिथे न्यू जर्सीतल्या सेकॉकस गावी एक केंद्रच उघडले आहे, जिथे भिंतभर पडद्यांसमोर बसलेले लोक देशभरच्या मैदानांवरचे स्पर्श पाहत असतात. मोजणीच्या कार्यालयासारखेच ते, फक्त तिथे ‘साहेब फिल्डवर गेलेत’ असे कुणी सांगत नाही.

तालुक्याच्या सामन्यात पडदा नसतो. मोबाइल मात्र सत्तर-ऐंशी असतात आणि त्यातल्या निदान एकाने तो क्षण टिपलेला असतो. कुणा खेळाडूचे वडील तो फोन पुढे धरून रेषेपर्यंत येतात. चित्रात चेंडू दिसत नाही. समोरच्या रांगेतल्या मामांची टोपी दिसते, आणि टोपीच्या वर दोन हात. ते हात कुणाचे यावर नवा वाद सुरू होतो. पाहणीचे साहित्य सामन्याआधी मुख्य पंचाने मान्य केलेले असावे लागते, त्यामुळे वडिलांचा फोन पुरावा म्हणून चालत नाही. ‘सर, एकदा बघायला काय जातंय?’ या प्रश्नाला नियमपुस्तकात उत्तर नाही, आणि सर बघत नाहीत. एकदा बघितले की प्रत्येक चेंडूला बघावे लागेल, हे त्यांना मोजणीला आलेल्या भूमापकाइतकेच पक्के माहीत असते.

बोलण्याला मर्यादा आहे. संघाच्या कर्णधाराने सभ्यपणे विचारावे, पंचांनी थोडक्यात सांगावे, इतपत मुभा व्यवहारात असते. सूर चढला की आधी ताकीद, मग टेक्निकल फाउल. एका फाउलला समोरच्या संघाला एक फ्री थ्रो मिळतो आणि दोन झाले की खेळाडूला मैदान सोडावे लागते. एका चेंडूच्या ताब्यासाठी भांडून एक गुण घालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. वीतभर बांधासाठी एकराची किंमत वकिलाला देणाऱ्यांच्या मुलांना तो तोटा म्हणून पटवणे क्रीडाशिक्षकांना जड जाते.

अपिलाचा मार्गही फारसा नाही. संघाला तक्रार नोंदवायची असेल तर सामना संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कर्णधाराने मुख्य पंचाला सांगून गुणपत्रकावर ठरलेल्या जागी सही करायची असते. पण तक्रारीची कारणे मोजकी आहेत: गुण मोजण्यात किंवा वेळ मोजण्यात दुरुस्त न झालेली चूक, सामना बहाल करण्याचा निर्णय, खेळाडूच्या पात्रतेचा भंग. चेंडू कुणाच्या हाताला लागला हे त्या यादीत नाही. जमिनीच्या बाबतीत तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त आणि मग मंत्रालय अशी पायऱ्यांची सोय आहे. बांधावरून वाट मागायची तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. चार गुंठ्यांच्या मैदानावर यातली एकही पायरी नसल्याने कर्णधार पेन हातात घेऊन सहीची जागा बघतो, कारणे वाचतो आणि पेन परत देतो.

निर्णय झाला की पंच चेंडू बाहेर गेला त्या जागेच्या जवळात जवळ, फक्त बोर्डच्या थेट मागे नाही, रेषेबाहेर उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातात देतात. चेंडू हातात पडल्यापासून पाच सेकंद. नेस्मिथने दिलेले पाच सेकंद अजून तेवढेच आहेत. आत टाकणाऱ्याने चेंडू सोडण्याआधी रेषा ओलांडून मैदानात पाऊल टाकायचे नाही. समोरचा हात फैलावून उडत असतो, बेंचवरून ‘लांब टाक, लांब टाक’ असे ओरडत असतात, पंचांचा हात प्रत्येक सेकंदाला हवा कापत असतो. चौथ्या सेकंदाला खेळाडू चेंडू टाकतो. तो समोरच्याच्या बोटाला लागल्यासारखा वाटतो आणि पुन्हा बाहेर जातो. आठ बोटे दोन दिशांना वर होतात.

मातीच्या मैदानावर ही हद्द फक्कीने आखलेली असते. शेवटच्या क्वार्टरपर्यंत साइडलाइनचा मधला भाग बुटांखाली गेलेला असतो आणि तिथे पांढरट धुरळा तेवढा दिसतो. वाद नेमके त्याच भागात होतात. पुढच्या सामन्याआधी शाळेचे शिपाईमामा फक्कीची पाटी घेऊन येतात. दोरी सापडलेली नसते. मामा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे डोळ्यांच्या अंदाजाने मारत जातात आणि ज्या बाजूला प्रेक्षक आत सरकून बसलेले असतात तिथे कुणाला उठवायला नको म्हणून रेषा चार बोटे आतून घेतात.